मधमाश्यांची खिडकी
चित्रकार हेन्री मातिस यांची जीवनकथा



रंगीत काचेच्या खिडक्या म्हटल्या की आपल्या डोळ्यांपुढे चर्च उभे राहते. मुंबईला गेलेल्यांनी फोर्टमधले सेंट थॉमस कॅथेड्रल किंवा कुलाब्याचे अफगाण चर्च पाहिले असेल. तिथे प्रभूच्या आणि संतांच्या जीवनातील प्रसंग काचेत उतरवलेले आहेत. राजाबाई टॉवरच्या इमारतीतही अशा काचा आहेत. म्हणजे देवाच्या घरासाठी आणि विद्यापीठासाठी माणसांनी ही मौल्यवान कला वापरली. पण जिथे तीन-चार वर्षांची मुले दिवस काढतात, खेळतात, रडतात, डबा खातात, अशा बालवाडीत कुणी एवढी मोलाची खिडकी बसवली असेल का?

फ्रान्स देशाच्या उत्तरेला ल कातो-कांब्रेझी नावाचे एक लहान गाव आहे. तिथल्या बालवाडीत १९५५ साली अशी एक खिडकी बसवण्यात आली. तिचे नाव ‘मधमाश्या’. ती ज्यांच्या हातून साकारली ते हेन्री मातिस. विसाव्या शतकातील थोर चित्रकारांची यादी कुणीही केली तरी पिकासोच्या बरोबरीने त्यांचे नाव येते. खिडकी बसली तेव्हा ते या जगात नव्हते. हा आराखडा त्यांनी सुरुवातीला एका चॅपेलसाठी केला होता. वेदीसाठी योजलेली वस्तू बालवाडीत कशी पोहोचली, हे समजण्यासाठी त्यांचे आयुष्य थोडे जवळून पाहावे लागेल.

बियाण्याच्या दुकानातला मुलगा

हेन्री मातिस यांचा जन्म ३१ डिसेंबर १८६९ रोजी ल कातो येथे आजी-आजोबांच्या घरी झाला. वडिलांचे दुकान जवळच्याच बोएँ या गावी होते. तिथे धान्य, बी-बियाणे आणि घरगुती सामान मिळे. दुकानातला रंगांचा विभाग आई सांभाळत असे. गिऱ्हाइकाला भिंतीला, दाराला कोणता रंग शोभेल हे ती सांगे. तो सगळा मुलूख बीटच्या शेतीचा आणि विणकरांचा. आकाश बहुधा करडे, थंडी कडक, माणसे कष्टाळू. पण बोएँचे विणकर पॅरिसच्या श्रीमंतांसाठी नाजूक रेशमी कापड विणत. घराबाहेर चिखल आणि मागावर झगमगते रंग, असे ते बालपण होते. आपल्या वर्धा-हिंगणघाटच्या कापूस बाजारात आणि सूत-कापडाच्या वातावरणात वाढलेल्या माणसाला हे चित्र फारसे परके वाटू नये.

मुलगा चित्रकार होईल असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. वडिलांनी त्याला कायदा शिकायला पॅरिसला पाठवले. परीक्षा देऊन तो परतला आणि एका वकिलाच्या कचेरीत कारकून म्हणून लागला. दिवसभर कागदांच्या नकला करायच्या, एवढेच काम. त्यात त्याचे मन मुळीच रमत नव्हते.

वयाच्या विसाव्या वर्षी, १८९० च्या सुमारास, आतड्याच्या दुखण्याने तो अंथरुणाला खिळला. बरे व्हायला वेळ लागणार होता. पडून पडून कंटाळलेल्या मुलाच्या हाती आईने रंगांची एक पेटी दिली. तेवढ्याने त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. आजारातून उठल्यावर तो कचेरीत जाण्यापूर्वी भल्या सकाळी चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागला. तो वर्ग कापडावरची नक्षी शिकणाऱ्यांसाठी होता. १८९१ मध्ये नोकरी सोडून तो पॅरिसला गेला. वडिलांना हे मुळीच आवडले नाही. दुकान चालवणाऱ्या व्यवहारी माणसाला मुलगा वाया गेल्याचेच दुःख झाले.

उपेक्षेची वर्षे

पॅरिसमध्ये त्यांना लगेच यश मिळाले असे नाही. कलाशाळेच्या प्रवेशपरीक्षेत ते नापास झाले. गुस्ताव्ह मोरो या शिक्षकांनी त्यांच्यातले गुण ओळखून त्यांना आपल्या वर्गात बसू दिले. १८९४ मध्ये त्यांना मार्गरित ही मुलगी झाली. १८९८ मध्ये त्यांचा अमेली यांच्याशी विवाह झाला. पुढे झां आणि पिएर हे दोन मुलगे झाले. अमेलींनी मार्गरितला आपल्याच लेकरासारखे वाढवले.

घरात पैशांची सतत ओढ असे. लहानपणी मार्गरितला घटसर्प झाला. श्वास कोंडल्यामुळे तिच्या गळ्याला छेद द्यावा लागला. ती वाचली, पण ती खूण झाकण्यासाठी पुढे कित्येक वर्षे तिच्या गळ्यात काळी फीत असे. वडिलांनी काढलेल्या तिच्या अनेक चित्रांत ती फीत दिसते. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणे म्हणजे काय, हे या चित्रकाराला पुरते माहीत होते.

१९०२ मध्ये दुसरे संकट कोसळले. अमेलींचे आईवडील ज्या कुटुंबाकडे नोकरीला होते, त्या कुटुंबाची मोठी फसवणूक उघडकीला आली. निरपराध असूनही त्यांची सर्वत्र नाचक्की झाली. मातिस बायकामुलांना घेऊन बोएँला परतले. तिशी ओलांडलेला, चित्रे न खपणारा, बापाच्या दारी परत आलेला मुलगा. गावकरी त्यांना वेड्यात काढत. ज्या मुलखाने आपल्याला हसून घेतले, त्याच मुलखातील मुलांना त्यांनी आयुष्याच्या शेवटी खिडकी दिली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९०५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची आणि त्यांच्या मित्रांची चित्रे मांडली गेली. त्यातले भडक, निर्भय रंग पाहून एका समीक्षकाने या मंडळींना रानटी पशूंची उपमा दिली. लोक हसायला म्हणून आले. पण काही रसिकांनी चित्रे विकत घेतली आणि हळूहळू नाव होऊ लागले. पुढल्या दहा वर्षांत रशिया आणि अमेरिकेपर्यंत त्यांची कीर्ती पोहोचली. १९१७ पासून ते फ्रान्सच्या दक्षिणेला समुद्रकाठच्या नीस शहरी जाऊ लागले. करड्या आकाशाखाली वाढलेल्या या माणसाला तिथल्या उजेडाचे वेड लागले.

मात्र उत्तरेकडच्या त्यांच्या जन्मभूमीचे हाल झाले. २६ ऑगस्ट १९१४ रोजी ल कातो येथे मोठी लढाई झाली आणि त्यानंतर १९१८ पर्यंत तो प्रदेश जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. त्यांची म्हातारी आई त्या बाजूला अडकून पडली होती. १९४० मध्ये पुन्हा तेच घडले. ज्या मुलांसाठी पुढे बालवाडी उभी राहिली, त्यांच्या आजी-आजोबांनी आणि आईवडिलांनी दोन-दोन वेळा परक्यांच्या बंदुका दारात पाहिल्या होत्या.

अंथरुणावरून काम

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा मातिस सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. ब्राझीलला जाण्याची व्यवस्था झाली होती, पण संकटात देश सोडून जायचे नाही असे त्यांनी ठरवले. जानेवारी १९४१ मध्ये ल्यों शहरात त्यांच्या आतड्यातील कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. हाती घेतलेले काम पुरे करण्यासाठी तीन-चार वर्षे मिळाली तरी पुरे, असे त्यांनी डॉक्टरांना सांगितले होते. डॉमिनिकन धर्मभगिनींनी त्यांची शुश्रूषा केली. ते वाचले, तेव्हा मेलेला माणूस उठला म्हणून त्या भगिनी त्यांना पुनरुत्थित म्हणू लागल्या. मागितलेल्या तीन-चार वर्षांऐवजी त्यांना जवळजवळ चौदा वर्षे मिळाली.

पण आता फार वेळ उभे राहणे शक्य नव्हते. दिवसाचा बराचसा भाग अंथरुणावर किंवा चाकांच्या खुर्चीत जाई. मोठा कॅनव्हास समोर ठेवून चित्र काढणे अवघड झाले. तेव्हा त्यांनी वेगळी वाट शोधली. मदतनीस मुली कागदाच्या मोठ्या तावांना जाड रंग लावून वाळवत. मातिस त्यातून रंग निवडत आणि पेन्सिलीने रेघ न मारता सरळ कात्रीने आकार कापत. पान, मासा, पक्षी, तारा, जे मनात येई ते. मग त्यांच्या सांगण्यावरून मदतनीस ते तुकडे भिंतीवर टाचणीने लावत. एखादा तुकडा थोडा वर, थोडा डावीकडे, असे कित्येक दिवस चाले. लिडिया डेलेक्टोर्स्काया या त्यांच्या सहायिकेने या कामात त्यांना शेवटपर्यंत साथ दिली.

रंगीत कागद आणि कात्री ही तर शाळकरी मुलांची साधने. काही समीक्षकांना वाटले की म्हातारपणी बुद्धी मंदावली, आता हा पोरखेळ चालला आहे. मातिस यांनी तिकडे लक्ष दिले नाही. रंग आणि रेषा या दोन गोष्टी आयुष्यभर वेगवेगळ्या हाताळाव्या लागल्या होत्या. कात्रीने त्या एका कृतीत आल्या, असे त्यांना वाटत होते. १९४७ मध्ये या पद्धतीने केलेल्या २० चित्रांचे त्यांचे ‘जाझ’ हे पुस्तक निघाले. आज जगभरच्या बालवर्गांत मुले रंगीत कागद कापून मातिस यांच्यासारखी चित्रे करतात. ज्याला पोरखेळ म्हणून हिणवले, तेच काम मुलांनी आपले मानले.

याच काळात घरावर आणखी एक आघात झाला. १९४४ मध्ये पत्नी अमेली आणि मुलगी मार्गरित यांना गेस्टापो पोलिसांनी पकडले. दोघी जर्मनांविरुद्धच्या गुप्त चळवळीत होत्या. मार्गरितचा अतोनात छळ झाला. छळछावणीकडे नेणाऱ्या आगगाडीत तिला चढवले होते, पण ती वाटेत निसटली. मातिस यांना हे सगळे नंतर कळले. त्या वर्षांतील त्यांची चित्रे उजळ रंगांची आहेत. त्यामागे असे दिवस होते, हे ती पाहताना विसरू नये.

धर्मभगिनी आणि चॅपेल

१९४२ मध्ये मातिस यांना रात्रीच्या शुश्रूषेसाठी परिचारिका हवी होती. मोनिक बुर्ज्वा नावाची एकवीस वर्षांची मुलगी कामाला आली. ती सरळ आणि स्पष्ट बोलणारी होती. चित्रे आवडली का, असे विचारल्यावर तिने रंग आवडले, पण आकृत्या आवडल्या नाहीत, असे तोंडावर सांगितले. मातिस यांना तिचा हा खरेपणा फार आवडला. दोघांत आजोबा-नातीसारखा जिव्हाळा जडला. पुढे मोनिकने डॉमिनिकन संघात प्रवेश केला. ती सिस्टर झाक-मारी झाली. मातिस यांना सुरुवातीला हा निर्णय पटला नव्हता. ते काही नियमित उपासनेला जाणारे नव्हते.

योगायोगाने ती नीसजवळच्या व्हाँस या गावी आली. मातिसही बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने नीस सोडून १९४३ पासून तिथेच राहत होते. तिथल्या भगिनींपाशी धड चॅपेल नव्हते. गळक्या छपराची एक जागा त्या प्रार्थनेसाठी वापरत. सिस्टर झाक-मारी यांनी एका खिडकीचे कच्चे चित्र काढून मातिस यांना दाखवले. तिथून बोलणे सुरू झाले. १९४७ च्या अखेरीस बंधू रेसिगिए हे तरुण डॉमिनिकन धर्मबंधू त्यांना भेटले आणि एका खिडकीची गोष्ट अख्ख्या चॅपेलवर गेली. कलेची जाण असलेले फादर कुतुरिए यांनीही पाठीशी उभे राहून मदत केली.

टीका दोन्ही बाजूंनी झाली. धर्मावर फारसा विश्वास नसलेला चित्रकार चॅपेल बांधतो, हे काही धार्मिक मंडळींना रुचले नाही. एक तरुण धर्मभगिनी पूर्वी या चित्रकाराची मॉडेल होती, यावरून कुजबुज झाली आणि सिस्टर झाक-मारी यांना तिचा फार त्रास झाला. उलट पिकासो यांना वाटले की देव न मानणाऱ्याने चॅपेल करू नये, त्यापेक्षा भाजीबाजार सजवावा. मातिस काम करत राहिले. चार वर्षे त्यांनी दुसरे मोठे काम जवळजवळ हाती घेतले नाही.

डिसेंबर १९४९ मध्ये कोनशिला बसली. २५ जून १९५१ रोजी नीसच्या महागुरुस्वामींच्या हस्ते चॅपेलचे पवित्रीकरण झाले. प्रकृतीमुळे मातिस हजर राहू शकले नाहीत. पांढऱ्या टाइलच्या भिंतींवर काळ्या रेषांत संत डॉमिनिक, बाळ येशूसह पवित्र मरिया आणि क्रूसाची वाट आहे. समोरच्या खिडक्यांत निळा, हिरवा आणि पिवळा असे तीनच रंग आहेत. सूर्य वर आला की ते रंग पांढऱ्या भिंतीवर आणि फरशीवर उतरतात. मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूंचे झगेसुद्धा मातिस यांनीच कागद कापून योजले. आयुष्यभराच्या कामाचे सार या चॅपेलमध्ये आले, असे ते मानत.

बाजूला राहिलेला आराखडा

या खिडक्या एका झटक्यात ठरल्या नाहीत. मातिस यांनी तीनदा आराखडे केले. १९४८ मधल्या पहिल्या प्रयत्नात बाजूच्या भिंतीसाठी त्यांनी ‘मधमाश्या’ हे कागदी काम केले. ते त्यांनी स्वतःच बाजूला ठेवले. दुसऱ्या आराखड्यात एक व्यावहारिक अडचण निघाली. काचेचे तुकडे एकमेकांना जोडायला शिशाच्या पट्ट्या लागतात, त्या पट्ट्यांना कागदावर जागाच सोडलेली नव्हती. तिसरा आराखडा ‘जीवनवृक्षा’चा. तो पसंत पडला आणि आज तोच व्हाँसच्या चॅपेलमध्ये आहे.

इथे काचेच्या कामाची थोडी माहिती देणे बरे. अशा खिडकीत रंग काचेवर वरून फासलेला नसतो. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंचे क्षार मिसळतात. कोबाल्टने गडद निळा रंग येतो, लोह आणि क्रोमियमने हिरवा. म्हणून शेकडो वर्षांनंतरही तो उडत नाही. कागदावरच्या चित्राबरहुकूम प्रत्येक तुकडा वेगळा कापायचा, कडेला शिशाची खाचेची पट्टी लावायची, सांध्यांवर डाग द्यायचा आणि सगळे चौकटीत बसवायचे. कागदावरचा रंग उजेड परत फेकतो, काचेतला रंग उजेड आत सोडतो. त्यामुळे कागदावर शोभणारा पिवळा काचेत डोळ्यांवर येऊ शकतो. व्हाँसच्या खिडक्यांत पिवळी काच मुद्दाम धूसर ठेवली आहे आणि निळी-हिरवी पारदर्शक आहे. हे काम पॅरिसचे कारागीर पॉल बोनी यांनी केले. ‘मधमाश्या’ची खिडकीही पुढे त्यांनीच घडवली.

‘मधमाश्या’त पंख-डोळे असलेली एकही माशी नाही. ठळक रंगांच्या पट्ट्या आहेत आणि त्यांतून लहान लहान चौकोनी तुकड्यांची वळणदार रांग झेपावत जाते. पाहणाऱ्याला पोळ्यातून निघालेला थवा दिसतो. मूळ कागदी काम आज नीसच्या मातिस संग्रहालयात आहे. मधमाश्या चॅपेलमध्येही शोभल्या असत्या. पास्काच्या जागरणाच्या रात्री मेणबत्तीसमोर गायल्या जाणाऱ्या लॅटिन घोषणागीतात मधमाश्यांच्या श्रमाची आठवण आहेच. पण त्यांच्यासाठी दुसरी जागा ठरलेली होती.

नोव्हेंबर १९५२ मध्ये मातिस यांनी आपल्या जन्मगावाला ८२ कलाकृती दान दिल्या. त्यातून तिथे संग्रहालय सुरू झाले. पंचाहत्तरी कधीच ओलांडलेल्या, आजारी मातिस यांना प्रवास झेपणारा नव्हता. त्यांनी संदेश पाठवला. त्याच सुमारास गावात नवी बालवाडी उभी राहत होती. अर्नेस्ट गायार हे तिचे वास्तुविशारद. या मुलांच्या इमारतीसाठी मातिस यांनी ‘मधमाश्या’ दिल्या.

पुष्कळ घरांत आणि संस्थांत मोठ्यांना नको झालेली वस्तू मुलांच्या खोलीत जाते. मोडके कपाट, फिकट पडदा, जुने कॅलेंडर. वरवर पाहता इथेही तसेच घडले, चॅपेलमधून बाजूला काढलेले काम शाळेला दिले. पण ते दिले कसे, हे पाहावे. तोच काच-कारागीर, तीच मेहनत, तीच अस्सल काच, आणि खाली चित्रकाराचे तेच नाव. मुलांसाठी म्हणून त्यात हत्ती-ससे घालून ते सोपे केले नाही. जे धर्मभगिनींच्या प्रार्थनेला पुरेसे चांगले होते, ते चार वर्षांच्या पोरांच्या खेळालाही पुरेसे चांगले मानले. माणसाने सगळ्या जगाकडे लहान मुलासारखे, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे पाहावे, असे मातिस यांनी १९५३ मध्ये एका लेखात मांडले होते. ज्यांच्याकडून शिकायचे त्यांना दुय्यम प्रतीची वस्तू कशी देणार?

घरच्या मुलांवरही त्यांचा असाच जीव होता. १९५० मध्ये अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी लांब काठीच्या टोकाला कोळसा बांधून छतावर आपल्या तीन नातवंडांचे चेहरे काढले. रात्री झोप आली नाही तर वर पाहिले की मुले सोबतीला दिसत.

३ नोव्हेंबर १९५४ रोजी नीस येथे मातिस यांचे निधन झाले. शहराच्या सिमिए भागातील टेकडीवर त्यांना पुरले. दुसऱ्या वर्षी, १९५५ मध्ये, ल कातोच्या बालवाडीत खिडकी बसली. पुढे १९५७ मध्ये त्याच गावात वाढलेले चित्रकार ऑग्युस्त एर्बें यांनी तिथल्या प्राथमिक शाळेसाठी ‘आनंद’ नावाची काचखिडकी योजली. एका लहानशा गावात मुलांच्या दोन शाळांत थोर चित्रकारांच्या दोन खिडक्या झाल्या. सिस्टर झाक-मारी २००५ मध्ये देवाघरी गेल्या. आपल्या आठवणी त्यांनी पुस्तकरूपाने लिहून ठेवल्या आहेत.

आपल्या जिल्ह्यातील एक आठवण

आपण वर्धेची माणसे. मुलांनी हातांनी काम करत शिकावे, हा विचार आपल्या मातीत रुजलेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद झाली आणि महात्मा गांधींच्या नई तालीमची मांडणी झाली. सेवाग्रामला ती शाळा चालवणारे आशादेवी आणि आर्यनायकम हे दांपत्य शांतिनिकेतनहून आले होते. १९४४ मध्ये तिथूनच देवीप्रसाद हे तरुण चित्रकार सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत त्यांनी मुलांना कला शिकवली. म्हणजे तिकडे मातिस अंथरुणावर बसून कागद कापत होते, त्याच वर्षांत इकडे सेवाग्रामची मुले माती आणि रंगांत हात घालत होती. दोघांची भेट झाली नाही.

देवीप्रसाद ज्या शांतिनिकेतनात शिकले, तिथे प्रार्थनेसाठी १८९१ मध्ये उभारलेली वास्तूच लोखंड आणि रंगीत काचेची आहे. आश्रमातील मुले तिथे उपासनेला जमत आली आहेत. देवीप्रसाद मुलांच्या चित्राकडे मोठ्यांच्या चित्राची कच्ची नक्कल म्हणून पाहत नसत. ते मुलाचे स्वतःचे बोलणे आहे, असे मानून ते शिकवत. सेवाग्रामला काचेचा थाट नव्हता. कुडाच्या भिंती, मातीची भांडी आणि घरगुती रंग यांवर त्यांनी तेच साधले. गरिबीतही मुलांना चांगले देता येते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलेले आहे.

मातिस यांच्या आयुष्याची सुरुवात आजारी मुलाला आईने दिलेल्या रंगपेटीने झाली आणि शेवट आजारी म्हाताऱ्याने गावच्या मुलांना दिलेल्या रंगांनी झाला. मधली साठ-पासष्ट वर्षे गरिबी, टिंगल, युद्ध आणि दुखणे यांतून गेली. ते संत नव्हते, नियमित उपासकही नव्हते. पण वेदीपाशी जेवढ्या आदराने काम केले, तेवढ्याच आदराने त्यांनी बालवाडीसाठी दिले. प्रभू येशूने मुलांना जवळ घेतले तेव्हा शिष्य त्यांना दूर सारत होते, हा प्रसंग आपण दरवर्षी ऐकतो. मुलांना दूर सारण्याचे प्रकार अनेक आहेत. त्यांना उरलेसुरले देणे हाही त्यातलाच एक.

आपली मुले रविवारी जिथे धर्मशिक्षणाला बसतात, वसतिगृहात जिथे झोपतात, बालवाडीत जिथे खेळतात, त्या खोल्यांत सकाळी उजेड कुठून येतो, भिंतीवर काय आहे, खिडकीची फुटलेली काच किती दिवस पुठ्ठ्याने झाकलेली आहे, हे एकदा जाऊन पाहायला हरकत नाही. पॅरिसच्या कारागिराची काच आपल्याला परवडणार नाही. पण नाताळचा तारा करताना घरोघरी मुले काय करतात? बांबूच्या काड्यांच्या सांगाड्यावर लाल, पिवळा, निळा जिलेटीन कागद चिकटवतात आणि आत दिवा लावतात. ती त्यांची स्वतःची काचखिडकीच असते. यंदा तारा करताना उरलेला कागद फेकू नका. तो मुलांच्या हाती द्या, कात्रीही द्या, आणि त्यांच्या वर्गाच्या एका खिडकीला काय लावायचे ते त्यांनाच ठरवू द्या. थंडीच्या सकाळी ऊन त्यातून फरशीवर आले की लहान मुले त्या रंगात हात घालून पाहतील.